तीन ठोके, एक फुंकर

२०१२ सालचा सप्टेंबर. नवा मका घरोघरी वाळून तयार होता आणि पश्चिम केनियातल्या इगावाच्या ओढ्यावरची पाणचक्की एकतीस वर्षांनी पुन्हा फिरत होती. पीठ पडतं त्या लाकडी तोंडाखाली रासोआने तळहात धरला आणि लगेच मागे घेतला. पीठ पोळत होतं.

कमरेला गुंडाळलेल्या लेसोला हात पुसून तिने पुन्हा चिमूटभर घेतलं, अंगठ्याने बोटावर चोळलं, नाकाशी नेलं. करपट वास. बोटांना कणी लागत होती आणि कणीच्या मधे राखेसारखी भुकटी. ते दळलेलं नव्हतं, चिरडलेलं होतं.

बाहेर माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांना चाक दिसत होतं. पाटाचं पाणी वरून चाकाच्या खणांत कोसळत होतं आणि चौदा फुटी चाक डौलात वळत होतं. ते बांधलं होतं शेमने, रासोआच्या दिराच्या मुलाने. आठ महिने तो त्यावर खपला होता. आता तो दारात उभा होता, केसांत भुसा, आणि काकूच्या तोंडाकडे बघत होता.

"कसं आहे, काकू?"

"चाक सुरेख झालंय."

"पिठाचं विचारतोय मी."

रासोआने बोटांवरची भुकटी झटकली. तिच्या मागून बेलिसी काठी टेकत आली. बेलिसी गावातली सगळ्यात म्हातारी. तिचे गुडघे कधीच गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. तिने चिमूट उचलून सरळ तोंडात टाकली, दोनदा चावली आणि दाराबाहेर थुंकली.

"कोंबड्यांना घाला," ती म्हणाली. "पण आधी कोंबड्यांना विचारा."

"पहिला दिवस आहे, मावशी," जावान म्हणाला. जावान लुगालिया म्हणजे गावच्या शाळेचा निवृत्त हेडमास्तर आणि पाणचक्की समितीचा चिटणीस. "दगड बसायला वेळ लागतो."

"बसलाय कुठला, निजलाय तो. तू त्याला थडगेवाल्याकडे धाडलंस, त्याने त्याचं थडगं केलं."

हे खोटं नव्हतं. दगडाचं काम करणारा एकच माणूस जावानच्या माहितीत होता, किसुमूचा, कारण गेल्या दहा वर्षांत गावात जेवढी थडगी झाली ती सगळी त्याच्याच हातची. चक्कीच्या दोन्ही तळ्या, वरचा आणि खालचा दगड, त्याच्याकडे नेल्या. त्याने यंत्र लावून त्या घासल्या, घोटल्या, आरशासारख्या करून परत पाठवल्या. आणि वर आपल्याकडून भेट म्हणून वरच्या तळीच्या पाठीवर सुबक अक्षरांत कोरून दिलं होतं: १९३८ – १९८१. चक्की सुरू झाली ते साल आणि बंद पडली ते साल.

"मरणाची तारीख घातल्यावर तो दळेल कशाला?" बेलिसी म्हणाली.

दारात जमलेल्या बायका हसल्या. जावानने चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही तो काही वेळ हातातच धरून होता.

"हेझ्रॉनदादा असता तर," तो म्हणाला.

आणि सगळे रासोआकडे बघायला लागले.

हेझ्रॉन तिचा नवरा, या चक्कीचा शेवटचा चक्कीवाला. त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती, पण त्याच्या पिठाचं नाव अजून निघायचं. पलीकडच्या डोंगरावरच्या बायका वाटेतल्या दोन चक्क्या सोडून डोक्यावर टोपल्या घेऊन इगावाला यायच्या. हेझ्रॉनच्या पिठाची घट्ट शिजवलेली उगाली घशाखाली कधी उतरली ते कळत नाही, असं म्हणायच्या.

"वहिनी, त्याच्या टाक्या असतील ना घरी?" जावानने विचारलं. "दगड टोचायच्या?"

"बघते. असतील कुठेतरी."

ती चढण चढायला लागली. पूर्वी हीच चढण ती डोक्यावर पोतं घेऊन एका दमात चढायची. आता दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा खालून चाकाचा आवाज येत होता, ओला, जड, एका लयीत. एकतीस वर्षं या आवाजाची तिने वाट बघितली होती, आणि आता तो ऐकून तिला फक्त कुठेतरी बसावंसं वाटत होतं.

टाक्या कुठे आहेत हे तिला शोधावं लागणार नव्हतंच. पलंगाखाली रॉकेलचा जुना डबा होता, डब्यात पोत्याचा तुकडा आणि त्यात गुंडाळलेल्या पाच पोलादी टाक्या. दर नाताळला ती त्यांना तेल लावायची. घरातल्या कुणी कधी विचारलं नव्हतं, की अठरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या हत्याराला अजून तेल कशाला.

तिने एक टाकी उचलून मुठीत धरली. दांड्याला अंगठ्याचा खळगा पडलेला होता. तिचा अंगठा त्यात नेमका बसला. बसणारच. खळगा तिच्याच अंगठ्याचा होता.

रासोआ सात वर्षांची असताना तिच्या आजीने तिला दळायच्या पाट्यासमोर बसवलं होतं आणि हातात एक गारगोटी दिली होती. नाचणी-ज्वारी दळून दळून पाटा गुळगुळीत होतो. चार-सहा दिवसांनी तो टोचून खरखरीत करावा लागतो. हे काम बायकांचं, प्रत्येक घरातलं. आजी म्हणाली, तीन ठोके, मग फुंकर. तीन ठोके, मग फुंकर. फुंकरीने कच उडते आणि कुठे टोचलं ते दिसतं. फुंकर चुकवलीस तर एक दिवस डोळ्यात दगड जाईल.

पाण्यावरची चक्की आली तसं दळण पुरुषांचं झालं. मिशनच्या गोऱ्या मिस्त्रीने दगड टोचायला शिकवलं तेही पुरुषांनाच, आणि आपल्या पद्धतीने: एकसारखं, न थांबता, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. हेझ्रॉन तसंच शिकला होता. १९६७ साली एक कपची उडून त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. वर्षभरात डावाही धूसर झाला.

चक्की चाळीस भागीदारांची होती. ज्याला दगड टोचता येत नाही त्याला त्यांनी ठेवलं नसतं, आणि घरात सहा मुलं होती. एका शनिवारी हेझ्रॉन दगडावर चाचपडत बसलेला असताना रासोआने त्याच्या हातातून टाकी काढून घेतली. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दार लावून घे."

तेव्हापासून दर तिसऱ्या शनिवारी दार लागायचं. बाहेर झाडाखाली बायका टोपल्या घेऊन दळणाची वाट बघत बसलेल्या असायच्या. आत रासोआ टोचायची आणि हेझ्रॉन भजनं म्हणायचा, मोठ्याने, म्हणजे आत कोण काम करतंय याची कुणाला शंका नको. चौदा वर्षं. काम संपलं की तो गुडघ्यावर बसून साऱ्या दगडावरून तळहात फिरवायचा आणि एखाद्या जागी थांबायचा. "इथे राहिलंय." तो म्हणायचा तिथे खरंच राहिलेलं असायचं. दोन तळ्यांमधलं अंतरही तोच ठेवायचा, कानाने. पीठ दोघांचं होतं. नाव एकाचं होतं, आणि रासोआला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. तिला फक्त थकवा आला होता, गुपित सांभाळण्याचा. बोलताना दर वेळी आधी मनात वाक्य तपासून बघायचं आणि मग तोंडातून काढायचं, याचा.

जायच्या आदल्या दिवशी हेझ्रॉनने विचारलं होतं, "कुणाला कळलं नाही ना?"

"नाही," ती म्हणाली होती.

त्यावर तो निवांत झोपला होता.

रविवारी चर्च सुटल्यावर तिथेच समितीची बैठक बसली. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. इगावात मतं मोजायची पद्धत कधीच नव्हती. चिटणीस प्रश्न मांडतो आणि सगळे गप्प बसतात. ज्याला बोलायचं असेल तो उठून बोलतो. कुणीच उठलं नाही तर ती सगळ्यांची संमती समजायची आणि चिटणीसाने वहीत लिहायचं.

जावान उभा राहिला. जुन्या वास्तू सांभाळणारी नैरोबीची मंडळी, ज्यांनी चाकासाठी लाकूड आणि पाटासाठी सिमेंट दिलं होतं, ती येता शनिवार सोडून त्यापुढच्या शनिवारी उद्घाटनाला येणार होती. त्या दिवशी चक्कीतून पीठ पडायला हवं.

"माझ्या मनात असं आहे," तो म्हणाला, "की मागच्या खोलीत विजेचं दळणयंत्र बसवावं. दगड पुढे मांडून ठेवू, सगळ्यांना दिसतील. बाहेर चाक फिरेल. पाहुण्यांना चाक बघायचंय, आपल्याला पीठ हवंय. दोन्ही होईल. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. पत्र्यावर कावळा चालत होता तेवढाच आवाज.

बरं झालं, रासोआच्या मनात आलं. निजू दे दगडाला. आपण बहात्तर वर्षांच्या, मनगटं पावसाआधी दुखतात, आणि या बाकावर आणखी थोडा वेळ गप्प बसलं की झालं. दगडही मिटला आणि हेझ्रॉनची गोष्टही. पुन्हा कुणी टाक्या मागणार नाही.

जावानने पेनाचं टोपण काढलं.

शेम पलीकडच्या बाकावर मान खाली घालून बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे. उजव्या हाताचं एक नख काळं पडलेलं होतं. आस बसवताना लाकूड पडलं होतं त्यावर, रासोआला आठवलं. त्या दिवशीही तो काही बोलला नव्हता.

ती पुढच्या बाकाची पाठ धरून उठली.

"म्हणजे चाक नुसतंच फिरणार?"

"बघायला, वहिनी."

"बघायला." तिने तो शब्द चघळल्यासारखा केला. "आठ महिने त्याने बघायला घातले?"

"मग करायचं काय, तुम्हीच सांगा. दगडाला टाकी हवी हे मलाही कळतं. टाकी लावणारा राहिला नाही."

रासोआने मनात वाक्य तपासून बघितलं. मग बोलली.

"हेझ्रॉनच्या वेळी मी तिथे असायचे. त्याला पाणी द्यायला. बघितलंय मी सगळं. शेमला दाखवीन."

"एवढ्या दिवसांत होईल?"

"उद्या सकाळी दगड उलटा करून द्या."

जावान घुटमळला. बायकांच्या बाकावरून बेलिसी खाकरली.

"लिही की, जावान. टोपण उघडलंच आहेस, शाई वाळेल."

त्याने लिहिलं.

सोमवारी सकाळी चार माणसांनी पहारी घालून वरची तळी उचलली आणि उताणी केली. घोटलेला दगड ओल्या कातळासारखा चकाकत होता. रासोआने माणसांना बाहेर घालवलं.

"गर्दीत शिकवता येत नाही मला."

मग दार लावून घेतलं. आत ती आणि शेम.

मधून कडेकडे जाणारे मोठे चर घासून घासून जवळजवळ बुजले होते. ते पुन्हा खोल करायचं काम तिने शेमला दिलं. त्याला छिन्नी-हातोड्याची सवय होती आणि तिच्या दंडात आता तेवढा जोर नव्हता. चरांच्या मधल्या सपाट पट्ट्या तिने घेतल्या. पोतं दुमडून त्यावर गुडघे टेकले, टाकीच्या दांड्यातल्या खळग्यात अंगठा बसवला आणि सुरुवात केली. तीन ठोके, फुंकर. तीन ठोके, फुंकर. पहिल्या दिवशी हातभर जागा झाली. संध्याकाळी ती घरी गेली ती ऊन मिठाच्या पाण्यात मनगटं बुडवून बसली, आणि उगालीचा घास मोडायला बोटं मिटेनात म्हणून चमच्याने जेवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सुनेने सांगितलं, आता पुरे, आणि रासोआ म्हणाली, हो, पुरेच, आणि टाक्यांचा डबा घेऊन उतरायला लागली.

चौथ्या दिवशी शेमने छिन्नी खाली ठेवली.

"काका असाच बसायचा? गुडघे टेकून?"

"हो."

"माझे वडील म्हणायचे, शेवटी शेवटी काकाला दिसत नव्हतं फारसं."

तीन ठोके. फुंकर.

"हाताने बघायचा तो," रासोआ म्हणाली. तेही खरंच होतं.

शेमने दुसरी टाकी घेतली, तिच्या शेजारी बसला आणि टोचायला लागला, भराभर, न थांबता. रासोआने त्याचं मनगट धरलं.

"असं नाही. डोळा घालवशील. तीन, मग फुंकर."

"हे काकाने शिकवलं तुला?"

"माझ्या आजीने," ती म्हणाली.

वाक्य तपासायचं राहून गेलं होतं. दमलं की असं होतं. ती तशीच बसून राहिली, टाकी हवेत. बाहेर पाटाचं पाणी बाजूने सोडलेलं होतं, त्याची खळखळ तेवढी ऐकू येत होती. शेम तिच्या अंगठ्याकडे बघत होता, खळग्यात बसलेल्या. मग स्वतःच्या हातातल्या टाकीकडे, त्या टाकीच्या खळग्यात त्याचा अंगठा मावत नव्हता.

तो उठला. दाराशी गेला, कडी नुसती अडकवलेली होती, ती त्याने नीट सरकवून पक्की केली. परत येऊन जागेवर बसला.

तीन ठोके मारले. फुंकर मारली.

"बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"थोडं हलकं."

त्यानंतर त्या दोघांत त्याविषयी एक शब्द निघाला नाही.

दोन्ही तळ्यांना अकरा दिवस लागले, मधला रविवार सोडून. दुसऱ्या शुक्रवारी दुपारी रासोआने टाकी ठेवली, डोळे मिटले आणि खालच्या तळीवरून तळहात फिरवला, मधून कडेकडे, घाई न करता. एका जागी हात थांबला. "इथे राहिलंय," ती म्हणाली, आणि शेमने तिथे तीन ठोके मारले.

मग तिने दार उघडलं.

बाहेर झाडाखाली बायका बसल्या होत्या. आठ-नऊ जणी, सगळ्या तिच्या वयाच्या किंवा वरच्या. प्रत्येकीच्या पुढे मक्याची टोपली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. कुणालाही बोलावलेलं नव्हतं. बेलिसी झाडाच्या मुळावर पाय पसरून बसली होती आणि शेंगदाणे सोलत होती.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "सकाळपासून म्हणतेय मी यांना, आज दुपारपर्यंत कडेला पोचेल."

"तुला कसं कळलं, अक्का?"

"बहिरी नाही झाले अजून. तुझ्या परसाच्या कडेला उन्हात बसून ऐकते ना रोज. खालच्या तळीचा आवाज निराळा, वरचीचा निराळा. आणि म्हातारी झालीस, रासोआ. पूर्वी तुझ्या फुंकरी आखूड असायच्या."

रासोआने चौकटीला हात टेकला.

"पूर्वी कधी?"

"पूर्वी म्हणजे पूर्वी." बेलिसीने एक दाणा तोंडात टाकला. "हेझ्रॉन आत गायचा तेव्हा. आवाज गोड होता हो त्याचा. पण गाणारा माणूस फुंकर कशी मारेल? तोंड एकच असतं ना."

कुणी हसलं नाही. बायका आपापल्या टोपल्यांत बघत होत्या. एकीने मक्यातला एक खडा वेचून दूर टाकला.

"तुला एकटीला माहीत होतं?"

"आता हिला विचार. तिला विचार. पाटा टोचायला शिकली नाही अशी एक तरी आहे का इथे? बापे टोचतात ते न थांबता. तीन ठोके आणि फुंकर कुणाची असते ते काय आम्हाला सांगायला पाहिजे?"

"चौदा वर्षं," रासोआ म्हणाली. "घसा फोडून गायचा तो, अक्का. कुणाला कळू नये म्हणून."

"गाऊ दे म्हटलं. आम्हाला तरी रांगेत बसून दुसरं काय होतं? तेवढीच करमणूक."

"आणि एकीनेही कधी काढलं नाही तोंडातून."

"कुणी विचारलं आम्हाला?" बेलिसी म्हणाली. "कुणी उठून विचारलं असतं, तर आलं असतं तोंडातून. नाही विचारलं. बसलो गप्प. आपल्याकडे गप्प बसलं की काय समजतात?" तिने काठी उचलून दाराकडे रोखली. "आता सरक बाजूला. दगड बसवायला सांग त्या पोराला. उद्या पाहुण्यांपुढे भरडा पडला तर जावान पुन्हा दगडाला किसुमूला धाडेल."

संध्याकाळच्या आत माणसं आली, वरची तळी बसली, पाणी सोडलं. रासोआने दोन तळ्यांमधलं अंतर ठेवलं, डोकं तिरकं करून, दगडाजवळ कान नेऊन. पहिलं पीठ टोचलेल्या दगडाची कच घेऊन येतं, ते तिने ओढ्यात टाकायला लावलं. दुसरं पडलं तेव्हा तळहात धरला आणि धरूनच ठेवला. पीठ गार होतं. बेलिसीने चिमूट तोंडात टाकली. थुंकली नाही, बोललीही नाही. टोपली पुढे सरकवली.

अंधार पडायच्या आधी रासोआ घरी पोचली. हेझ्रॉनची कबर अंगणाच्या कडेला, केळींच्या पलीकडे होती. तिच्यावर थडगेवाल्याचं काम नव्हतं, साधा सिमेंटचा ओटा होता. ती त्यावर टेकली. लेसोच्या गाठीत मूठभर पीठ बांधून आणलं होतं. गाठ सोडून ते तिने ओट्यावर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर हात धरला. चढणभर ती हेच ठरवत आली होती की त्याला सांगायचं. सगळं सांगायचं, फुंकरीचं सुद्धा; त्यालाही हसू आलं असतं, कदाचित.

मनगटं ठणकत होती.

"पीठ मऊ पडलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कुणाला कळलं नाही."

उद्घाटन व्यवस्थित झालं. नैरोबीच्या पाहुण्यांनी चाकापुढे फोटो काढले आणि 'हेझ्रॉनची चक्की' अशी पाटी दारावर लागली. ती अजून आहे. जावानने वहीत लिहिलं की शेमला शिकवण्याचं काम पूर्ण झालं. पुढे चार वर्षांनी जावान मुलाकडे एल्डोरेटला राहायला गेला आणि वही शेमकडे आली. विजेचं यंत्र कुणी आणलं नाही. चक्की आठवड्यातून दोन दिवस चालते, मंगळवारी आणि शुक्रवारी. शेमने आपल्या दोन मुलींना टाकी लावायला शिकवलं आणि दार आता उघडंच असतं, पण टोचताना तो भजन म्हणतो, का ते मुलींना ठाऊक नाही. मधेच फुंकर मारावी लागते म्हणून त्याची ओळ दर वेळी तुटते.

बेलिसी २०१४ साली गेली. तिच्या मयताच्या जेवणाला लागलेलं सगळं पीठ इगावाच्या चक्कीचं होतं आणि ते दळलं तेव्हा दगडांमधलं अंतर रासोआने ठेवलं होतं. रासोआ त्यानंतर पाच वर्षं होती. शेवटच्या वर्षी तिची बोटं उघडत नव्हती. तरी टोचून झालं की शेम तिला खुर्चीत बसवून खाली न्यायचा आणि ती हाताच्या पाठीने दगड चाचपून सांगायची, इथे राहिलंय.

थडगेवाल्याने कोरलेली सालं वरच्या तळीच्या पाठीवर तशीच आहेत. शेमने ती घासून काढायचं मनात आणलं होतं, पण तसा वेळ झाला नाही. चक्की बंद असली की ती स्पष्ट वाचता येतात. सुरू झाली की वाचता येत नाहीत.